चौसष्ट अक्षरांचा अंगठा

मी नावावर विश्वास ठेवत नाही. माणसांच्या ठेवते, फायलींच्या नाही. मालेगावात बसस्टँडच्या मागं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मालेगाव म्हणजे आमचं, वाशीम रोडवरचं. नाशिककडचं म्हणून उगाच पत्ता शोधू नका. ते दुकान यंदा मी बंद केलं. इतक्या वर्षांत नेमकं काय शिकलात असं कुणी विचारलं तर मी सांगेन, पद्धतशीर संशय घ्यायला शिकले. तसा हा गुण घराण्यातलाच. माझी आई भाजीबाजारात वरच्या वांग्यांकडं ढुंकूनही बघत नसे, तिचा हात सरळ टोपलीच्या तळाशी जायचा. मी तेच कॉम्प्युटरच्या बाबतीत केलं आणि त्यावर पोट भरलं.

लोकांना वाटतं, कॉम्प्युटर दुरुस्ती म्हणजे पेचकस आणि वायरी. ते असतंच, पण माझं निम्मं काम असायचं सॉफ्टवेअर टाकून देणं. हे सॉफ्टवेअर येतं एका बांधलेल्या फाईलमधून. तिला आम्ही पॅकेज म्हणतो. आत सगळे सुटे भाग असतात, वर नाव असतं आणि कितवी आवृत्ती त्याचा नंबर. आता कुणीही फोनवर बोट ठेवून हवं ते उतरवून घेतो. पण आमच्याकडं नेट रडतखडत चालायचं तेव्हा हीच पॅकेजं पेन ड्राइव्हवरून गावोगाव फिरायची. या पेन ड्राइव्हवरून त्यावर, त्यावरून कुणाच्या मेहुण्याच्या लॅपटॉपवर. वाटेत कुणी ती अर्धवट कॉपी करायचं, कुणाच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस तिच्यात घर करायचा. आणि नावं तर विचारूच नका. 'नवीन', 'नवीन फायनल', 'पक्का फायनल', 'रिसोडवाला'. एकाच नावाच्या चार फायली आणि एकाच फाईलची चार नावं, असा सगळा संसार होता.

यातून मला तारलं ते ठशानं. हा प्रकार मी गिऱ्हाइकांना रेशन दुकानाच्या भाषेत समजवायची. तुमचं नाव कार्डावर कसंही लिहिलेलं असो, तिथलं यंत्र अंगठाच मागतं ना? तसा प्रत्येक फाईललाही अंगठा असतो. एक छोटी आज्ञा दिली की कॉम्प्युटर ती फाईल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढतो आणि चौसष्ट अक्षरांची एक ओळ हातात ठेवतो. आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं, एवढ्यातूनच ती ओळ तयार होते. फाईल केवढीही असो, ओळ तेवढीच. फाईलचं नाव बदला, ठसा बदलत नाही. पण आतला एक ठिपका जरी इकडचा तिकडं झाला, तरी सगळी ओळ पार वेगळी येते. आणि अंगठ्यावरून जसा माणूस घडवता येत नाही, तशी ठशावरून फाईल तयार करता येत नाही. फक्त समोरची फाईल तीच आहे का, एवढंच तो सांगतो. सॉफ्टवेअर करणारे चांगले लोक आपल्या पॅकेजचा ठसा जाहीर करून ठेवतात. मी दुकानातल्या फाईलचा ठसा काढायची, त्यांच्याशी ताडून बघायची आणि मगच हात लावायची.

गिऱ्हाइकं कंटाळायची. "ताई, तुमी लावून राह्यल्या का पंचांग पाहून राह्यल्या?" असं एका कापड दुकानदारानं मला विचारलं होतं. हेच गृहस्थ पुढं एकदा फोन घेऊन घाईघाईनं आले. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका फोनवर आली होती आणि ती उघडत नव्हती.

मी पाहिलं. पत्रिका म्हणजे फोटो असतो, फार तर दोन पानं. ही फाईल फोनमध्ये बसणाऱ्या सॉफ्टवेअरची होती. नाव मात्र 'शुभविवाह'. मी तिचा ठसा काढला. अशा खोडसाळ फायलींचे ठसे जमा करून ठेवणारी ठिकाणं नेटवर असतात, तिथं तो टाकला. निघाली त्यातलीच एक. उघडली असती तर फोनमधले बँकेचे मेसेज परस्पर दुसऱ्याकडं गेले असते.

मी म्हटलं, "भाऊ, ही पुसून टाका."

"पुसू कशी? सोयऱ्याची पत्रिका हाय. उघडली नाई तं त्यायले राग येईन."

"फोन करून विचारा, त्यांच्याकडं लग्न आहे का?"

त्यांनी तिथूनच फोन लावला. सोयऱ्यांचा मुलगा सातवीत होता. तेव्हापासून हे गृहस्थ माझे प्रचारक झाले. त्यांच्यासारख्यांनी माझं दुकान चालवलं, हे आज मोकळेपणानं सांगते. आमच्या भागात बाईनं कॉम्प्युटर उघडून बसावं याचं सुरुवातीला लोकांना नवल वाटायचं. पण एकदा भरवसा बसला की याच लोकांनी पोटच्या पोरांसारखी यंत्रं माझ्या हवाली केली.

आता ज्या कामासाठी हे लिहायला घेतलं, त्याच्याकडं येते. दुकान बंद करण्याच्या आधीच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी बहीण रिठदला दिलेली आहे. तिच्या ओळखीनं एक मुलगी वडिलांच्या मोटरसायकलवर मागं बसून आली. मांडीवर कॉम्प्युटरचा डबा, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. नाव वैशाली. जन्मापासून दिसत नाही. रिठदजवळ शेतकऱ्यांनी मिळून काढलेली एक कंपनी आहे, तिच्या हेल्पलाइनवर ती काम करायची. शेतकरी फोन करतात, तुरीवर अळी पडली, सोयाबीन पिवळं पडलं, काय फवारू? उत्तरं कॉम्प्युटरमध्ये असतात. दिसणारा माणूस ती वाचून सांगेल. वैशालीला कॉम्प्युटर वाचून दाखवायचा. एका कानात शेतकरी आणि दुसऱ्या कानात यंत्र. यंत्राचा आवाज ती इतका पळवायची की शेतकऱ्याचं बोलणं संपायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं.

कंपनीनं उन्हाळ्यात नवे कॉम्प्युटर घेतले, जुने पुसून एका शाळेला देऊन टाकले. नवे बसवणारा माणूस काळजीनं काम करणारा होता. जुन्या यंत्रावर आवाजाचं कोणतं पॅकेज आहे हे बघून, त्याच नावाचं, त्याच नंबरचं पॅकेज त्यानं मूळ ठिकाणाहून आणून टाकलं होतं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

"ताई, हा आवाज तो नाई," वैशाली म्हणाली.

"नाव तेच आहे गं, नंबरही तोच."

"नाव असन तेच. पण पळवला का याची जीभ अडकते. जोडाक्षर आलं का गिळूनच टाकते. मले चाल हळू कराव लागते, तितक्यात समोरचा माणूस म्हणते, हॅलो, हाय का कोणी? अन् फोन ठेवून देते."

मी तिला दुसरा एक आवाज लावून दाखवला. नव्या जमान्यातला, गोड, अगदी माणसासारखा. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"हा गोष्टी सांगाले चांगला हाय, ताई. मले काम करायचं हाय."

खरी अडचण तिनं नंतर सांगितली. हंगाम तोंडावर होता, फोन वाढले होते. "साहेब चांगले हायेत. पण ते म्हणून राह्यले, सोमवारपासून हंगामापुरती दुसरी पोरगी बसू दे. ताई, एक वेळ खुर्ची गेली का वापस नाई भेटत." तिचे वडील दारात उभे होते. ते ऐकत होते.

मी विचारलं, जुना आवाज कुणी टाकून दिला होता? त्यावर पहिल्यांदा खंडारे सरांचं नाव निघालं. हे अकोल्याकडच्या एका अंध शाळेत शिकवायचे. स्वतःही पूर्ण अंध. वैशाली त्यांचीच विद्यार्थिनी. आदल्या वर्षी ते वारले. मूळ पॅकेजमधला मराठी आवाज पोरांच्या कामाचा नाही हे पाहून सरांनी ते पॅकेज उघडलं होतं, एकेका अक्षराच्या उच्चाराचे आतले नियम ऐकून ऐकून दुरुस्त केले होते आणि पुन्हा बांधून ठेवलं होतं. शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ते पेन ड्राइव्हवर मिळायचं. पण नाव आणि नंबर त्यांनी मूळचेच ठेवले. आमच्या धंद्यात याहून मोठा घोटाळा नाही. आतला माल वेगळा आणि वर लेबल तेच.

"अगं पण सरांनी नाव का नाही बदललं?"

"आमी विचारलं होतं. सर म्हणत, घर दुसऱ्याचं हाय, आपण फक्त सारवलं. पाटी कायले बदलायची?"

मला रागही आला आणि त्या माणसाच्या पाया पडावंसंही वाटलं. आयुष्यभर मी लोकांना ओरडत आले, फाईलवर खरं नाव घाला म्हणून. आणि इथं एका माणसानं निव्वळ भिडेपोटी आपलं नाव घातलं नव्हतं.

वैशालीचा पेन ड्राइव्ह केव्हाच मेला होता. मी तो जिवंत करायचा खूप प्रयत्न केला, पण काही उपयोग झाला नाही. मी हात टेकायच्या बेतात होते, तेवढ्यात ती सहज म्हणाली, "फाईल नाई, पण तिचा ठसा हाय माह्याजवळ."

तिनं फोन काढला आणि एक ध्वनिफीत लावली. खंडारे सर सावकाश, स्वच्छ आवाजात चौसष्ट अक्षरं वाचत होते. "बी बैलाचा. सात. सी सीताफळाचा. डी डफड्याचा. शून्य." फाईल ते हातात द्यायचे आणि ठसा आपल्या आवाजात फोनवर पाठवायचे. माल एका वाटेनं, ओळख दुसऱ्या वाटेनं, म्हणजे मधल्या मध्ये कुणी बदल केला तर कळेल. हे मी मोठमोठ्या लोकांनी लिहिलेलं वाचलं होतं, पण आमच्या मुलखात कुणी करताना पाहिलं नव्हतं. मी ती अक्षरं टाइप करून घेतली, पुन्हा ऐकून तपासली. आता माझ्याकडं अंगठा होता, माणूस शोधायचा होता.

जगभरच्या लोकांनी वर्गणीवर आणि हौसेवर चालवलेलं एक मोठं कोठार नेटवर आहे. आजवर निघालेली पॅकेजं तिथं ठेवलेली असतात आणि ठसा दिला की फाईल काढून देतात. या न पाहिलेल्या लोकांनी मला आजवर किती वेळा वाचवलं आहे, त्याचा हिशेब नाही. त्यांच्यातल्या एकालाही मी ओळखत नाही. तिथं शोधलं, पण सापडलं नाही. सापडणार कसं? सरांनी आपली फाईल कुठं मांडलीच नव्हती, फक्त विद्यार्थ्यांना दिली होती.

मग आम्ही विद्यार्थ्यांच्या मागं लागलो. त्यांचा फोनवर एक ग्रुप होता, तिथं वैशालीनं निरोप सोडला. रिसोडच्या एकानं लगेच फाईल पाठवली. ठसा काढला तर तो सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या मूळ पॅकेजचा निघाला. त्याच्याही यंत्रात कुणीतरी 'तीच' टाकून दिली होती आणि बिचाऱ्याला माहीत नव्हतं. पुण्याच्या एकीकडून आलेली फाईल मधेच तुटलेली होती. प्रत्येक वेळी ठसा काढला की वैशाली मला फोनवर विचारायची, जुळला का, आणि मी नाही म्हणायची. ती म्हणायची, बरं. तिच्या त्या 'बरं'चा मला धसका बसला होता.

शेवटी कुणीतरी जऊळक्याच्या गजाननभाऊंचं नाव सांगितलं. सरांचे सगळ्यांत जुने विद्यार्थी, जऊळक्यात पिठाची गिरणी चालवतात. ते ग्रुपवर नव्हते, कारण त्यांचा फोन साधा. मी फोन केला, तर म्हणाले, "माह्या मशीनले बाहेरची हवाच नाई लागली कधी. या तुमी."

म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरला नेट नव्हतं, कधीच. मला या वाक्याचा किती आनंद झाला ते सांगून कळायचं नाही. नेट नाही म्हणजे परस्पर काही बदललं गेलेलं नाही. शनिवारी सकाळी वैशाली वडिलांबरोबर मालेगावला आली, तिथून आम्ही दोघी बसनं जऊळक्याला गेलो. ती खिडकीशी बसली होती.

गिरणी जोरात चालू होती. बायका ज्वारीचे डबे घेऊन बाकावर बसल्या होत्या. गजाननभाऊ पडणारं पीठ चिमटीत धरून बघायचे आणि दगड थोडा आवळायचे किंवा सैल करायचे. कोपऱ्यात जुन्या चादरीखाली कॉम्प्युटर होता. त्यांनी चादर काढली, एक कळ दाबली आणि यंत्र बोलायला लागलं. एवढ्या वेगानं की त्या घरघरीत मला एक शब्दही कळला नाही. वैशालीच्या चेहऱ्यावर मात्र, त्या आठवड्यात पहिल्यांदाच, हसू आलं.

"हाच हाय का?" मी विचारलं.

ती थोडा वेळ ऐकत राहिली. "हाच घराणा हाय. पण हाच हाय का, ते ठसा सांगन."

तिचं बरोबर होतं. गजाननभाऊंनी फोल्डर उघडला, तर आत फायलींची रांगच. 'आवाज', 'आवाज चांगला', 'आवाज खरा', असं करत करत.

"सर दर बारीले नवीन देत अन् म्हणत, आता हा लाव," गजाननभाऊ म्हणाले. "मी लावत गेलो. आता कोणता बोलून राह्यला, मले काय माईत."

आकार जवळजवळ सारखे, आतला नंबर एकच. आणि यातला कुठलाही चालेल असं नव्हतं. वैशालीला आठवत होतं, सरांच्या आधीच्या एका प्रयत्नात आकडे चुकायचे. दीड म्हटलं की अडीच ऐकू यायचं. गोष्टी ऐकायला त्यानं काही बिघडत नाही. पण ही मुलगी शेतकऱ्याला औषधाचं प्रमाण सांगणार होती. एका पंपाला किती, हे तिनं चुकीचं सांगितलं तर कुणाचं तरी शेत जळलं असतं.

मी यंत्रासमोर बसले. सगळ्या फायलींचे ठसे काढून ताडून बघायला मला एक क्षण पुरला असता. पण वैशालीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई, तुमी नका पाहू. मले ऐकू द्या."

मी खुर्ची सोडली आणि स्क्रीनकडं पाठ करून उभी राहिले. हे मी का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. इतकी वर्षं ठसे मी माझ्या डोळ्यांनी ताडले, पण ही फाईल तिची होती, सर तिचे होते, नोकरी तिची होती.

गजाननभाऊंनी गिरणी बंद केली. "माय, थोडं बसा, दोन मिनिटं," ते बायकांना म्हणाले. पट्टा फिरायचा थांबला. एकदम इतकं शांत झालं की बाहेर सायकलची घंटी वाजलेली ऐकू आली. बायका डबे मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

वैशालीनं यंत्राची चाल अगदी हळू केली. एका हातात फोन. यंत्र फाईलच्या ठशाचं एक अक्षर बोलायचं, मग फोनमधून सर तेच म्हणतात का ते ती ऐकायची. पहिली फाईल पहिल्याच अक्षराला गेली. दुसरी तशीच. तिसरीची दोन अक्षरं जुळली, तिसऱ्या अक्षराला तीही गेली.

चौथी लावली. बी. "बी बैलाचा," सर म्हणाले. सात. "सात." सी. "सी सीताफळाचा." यंत्राचा आवाज सरांनीच घडवलेला आणि त्याच्या मागून सरांचा स्वतःचा. दोघं एकामागं एक चालत राहिले. मला ठाऊक होतं की एवढी अक्षरं जुळली म्हणजे काम झालं, आता काही बदलणार नाही. तरी मी एकही अक्षर सोडलं नाही. बाकावरची एक म्हातारी हळूहळू मान हलवायला लागली होती. तिला यातलं काय कळत होतं कोण जाणे, पण प्रत्येक वेळी दोन्हीकडून एकच अक्षर येतं आहे, एवढं तिला कळलं असावं.

शेवटचं अक्षर ई. "ई ईडलिंबाचा," सर म्हणाले.

दुकानात वैशाली ध्वनिफीत इथंच थांबवायची. त्या दिवशी तिनं थांबवली नाही. त्यामुळं पुढचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"झालं," सर म्हणत होते. "जुळलं असन तं कामाले लागा. नसन जुळलं तं मले फोन करा."

गजाननभाऊ भिंतीला टेकून उभे होते. वैशालीनं फोन दोन्ही हातांनी धरला होता, तोंडाजवळ, पलीकडं कुणी असल्यासारखा.

"जुळलं, सर," ती म्हणाली.

सोमवारी हेल्पलाइनचा पहिला फोन तिनंच उचलला.